चार दिवस आधीची श्रद्धांजली

मी आयुष्यात कधी हॉकी खेळलो नाही आणि सायकलच्या शर्यतीतही उतरलो नाही. साताऱ्यात पाटबंधारे खात्यात कारकून होतो, अजूनही आहे. लहानपणी पाय जरा अधू होता म्हणून मैदानाच्या कडेला बसायची सवय लागली ती लागलीच. खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला जास्त आठवतं असं मला वाटायचं, आणि त्याचा मला अभिमान होता. कुठल्या सामन्यात कुणाचा पास कुणी अडवला, सांगली ते सातारा शर्यतीत कासेगावजवळ कोण पुढं होतं, हे लोक मला विचारायला येत.

सायकलशर्यत बघणं हा तसा वेडेपणाच. दोन तास उन्हात उभं राहायचं आणि दहा सेकंदांत सगळे समोरून निघून जातात. उरतो तो साखळ्यांचा आवाज. हॉकीत निदान सत्तर मिनिटं माणूस डोळ्यांसमोर असतो. पण दोन्ही खेळांत मी ज्यांच्यासाठी जात असे ते अण्णा एकच होते. उंब्रजजवळच्या एका खेड्यातले. पावसाळ्यात हॉकीत लेफ्ट हाफ, थंडीत सायकलवर. पुढं खेळाच्या जोरावर फौजेत गेले, फौजेच्या संघातून खेळले, निवृत्त होऊन गावी आले. मी शाळेत असताना त्यांना पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून त्यांचाच झालो.

आमच्या चौकात एक फळा होता. साताऱ्यात तेव्हा चौकाचौकांत असे फळे असत. मंडळातलं कुणीतरी रोज सकाळी खडूनं बातम्या लिही आणि स्टँडकडं जाणारे-येणारे लोक थांबून वाचत. आमच्या फळ्यावर खेळाचा कोपरा माझा होता. अक्षर चांगलं म्हणून निधनवार्ताही माझ्याकडंच आल्या. खेळाडू गेला की मी त्याच्यावर चार ओळी लिहायचो, आणि लोक म्हणायचे, "तुमच्या हातनं फळ्यावर जायला मिळालं तर मरायला हरकत नाही." ही थट्टा मला आवडायची. हे कबूल केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

त्या वर्षी आषाढात अण्णा मिरजेच्या एका दवाखान्यात होते. यकृत गेलं होतं. मी ऑफिसला रजा टाकून भेटायला गेलो. हाताला सुई, पोट फुगलेलं, पण डोळे तेच. समोरच्या खेळाडूच्या पायाकडं बघणारे.

मला म्हणाले, "एक काम करशील? महाबळेश्वरला एक पत्र टाक."

कुणाला ते सांगायची गरज नव्हती. तात्यांना. तात्या म्हणजे त्यांचा लेफ्ट विंगर. एका तालमीत वाढलेले, एका ताटात जेवलेले. तीस वर्षांपूर्वीच्या एका शर्यतीनंतर तात्यांनी अण्णांशी बोलणं टाकलं होतं. दोघांचं ठरलेलं होतं की आळीपाळीनं पुढं राहून वारा कापायचा, आणि एक पडला तर दुसऱ्यानं उतरायचं. उंब्रजच्या पुलाअलीकडं उतारावर ऊस सांडला होता, त्यावरून तात्यांचं चाक घसरलं. अण्णा थांबले नाहीत. ते साताऱ्यात पहिले आले. तात्यांचं खांद्याजवळचं हाड मोडलं, ते वाकडं जुळलं, स्टिक पुन्हा नीट उचलता आली नाही. पुढच्याच महिन्यात फौजेची माणसं खेळाडू निवडायला आली तेव्हा एकटे अण्णा निवडले गेले. अण्णा कायम सांगत आले की वाऱ्याच्या आवाजात आपल्याला काही कळलंच नाही. तात्यांनी ते कधी मानलं नाही. महाबळेश्वरला जाऊन ते टॅक्सी चालवायला लागले.

मी दवाखान्याबाहेरच्या टपरीवर पोस्टकार्ड लिहिलं. "अण्णा तुमची वाट पाहत आहेत. लवकर यावे." तिथंच पेटीत टाकलं. मग साताऱ्याच्या गाडीत बसलो, पिशवीतून वही काढली, आणि त्याच पेनानं अण्णांची श्रद्धांजली लिहिली.

का लिहिली? आयत्या वेळी सुचत नाही म्हणून. खरं तर असंही नाही. ज्या माणसावर लिहायची मी वीस वर्षं वाट पाहत होतो, त्याच्यावर लिहायला सुरुवात झाली की हात थांबेना. कऱ्हाड येईपर्यंत मजकूर झाला. उंब्रजच्या आसपास मी तो एकदा मनातल्या मनात वाचला आणि माझे डोळे भरून आले. अण्णांसाठी भरले की माझ्या वाक्यांसाठी, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

नऊ दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, अण्णांचा पुतण्या चौकात जीप थांबवून उतरला. तो कामासाठी साताऱ्याला आला होता आणि तसाच मिरजेला निघाला होता.

"डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय," तो म्हणाला. "नळ्या काढल्या. आज घरला आणतोय."

आमच्याकडं 'घरी न्या' याचा अर्थ एकच असतो. आयाबाया तुळशीचं पान आणि गंगेची बाटली शोधायला लागतात. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मैदानावर जिल्ह्याच्या हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना होता. सुरुवातीला दिवंगत खेळाडूंसाठी दोन मिनिटं उभं राहायची आमच्याकडं पद्धत होती, आणि नावं मी वाचायचो. मला वाटलं, अण्णा रात्र काढणार नाहीत. त्यांचं नाव त्या दोन मिनिटांत नसलं तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल. शिवाय पलीकडच्या चौकातल्या फळ्यावर बातमी आमच्याआधी लागली असती. ही गोष्ट लिहायला लाज वाटते, पण ती होती.

रविवारी सकाळी सहाला मी वही बघून फळा लिहिला. 'ख्यातनाम हॉकीपटू व सायकलपटू अण्णा यांचे दुःखद निधन. अंत्यविधी आज सकाळी त्यांच्या गावी.' हा अंत्यविधी मी अंदाजानं घातला. खाली माझ्या चार ओळी. शेवटची ओळ अशी होती : 'खिलाडूवृत्तीचा असा आदर्श पुन्हा होणे नाही.'

दुपारी पावसाच्या भुरभुरीत दोन्ही संघ दंडाला काळ्या फिती लावून उभे राहिले. मी माइकवर बोललो. माझा आवाज कापला, ते लोकांना फार भिडलं. एका पंचानं येऊन माझा हात दाबला.

सोमवारी मी हार घेऊन अण्णांच्या गावी गेलो.

अंगणात माणसं बसलेली होती, पण कुणाच्या चेहऱ्यावर मयताची कळा नव्हती. मला आणि माझ्या हातातल्या हाराला बघून एक म्हातारा हसायला लागला.

"आलं बगा साताऱ्याचं अजून एक! आवं, ठेवा त्यो हार त्या कट्ट्यावर. कालपासनं सात झाल्यात. आमच्या म्हशीला घालतोय."

दुसरा म्हणाला, "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतंय. अण्णा आता शंभरी गाठतंय."

दारात अण्णांच्या पत्नी उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या.

"तुमीच लिवलं न्हवं?" त्या म्हणाल्या. "माझं कुंकू कवा पुसायचं त्ये बी तुमचा फळाच ठरवणार व्हय?"

मी त्यांच्या पायांकडं बघत उभा राहिलो. आतून अण्णांचा आवाज आला, "सोड त्याला. आत यिऊ दे."

ते खाटेवर उशांना टेकून पडले होते. सुनेनं चमच्यानं पेज भरवली होती, तिचे थेंब मिशीवर होते.

"पोरं दोन मिंटं उभी राहिली का रं?" त्यांनी विचारलं.

"राहिली."

"हालली न्हाईत ना? आमच्या टायमाला एक गोलकीपर हुता, त्यो मधीच खोकायचा." त्यांना हसू आलं आणि हसताना पोटात कळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, "काय लिवलंस त्ये वाच."

मी नको म्हणालो. ते ऐकेनात. मी वही काढली आणि जिवंत माणसासमोर त्याची श्रद्धांजली वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटच्या ओळीला त्यांनी डोळे उघडले.

"त्ये शेवटचं खोड."

"कशाला अण्णा?"

"खोड म्हंतो न्हवं. खिलाडूवृत्ती का काय त्ये." मग सुनेला त्यांनी हातानंच बाहेर जायला सांगितलं. "मला त्याचं चाक घसरल्यालं आयकू आलं हुतं. मी वळून बघितलं. त्यो उठत हुता, एका हातानं. माझ्याकडं बघत हुता. मग मी आनखी जोरात पॅडल मारलं." त्यांनी पालथ्या हातानं मिशी पुसली. "तीस वर्सं वारा वारा म्हंत आलो. वारा न्हवता त्या दिशी."

माझ्या मनात त्या माणसाची जी मूर्ती होती ती फुटली वगैरे काही झालं नाही. उलट ते मला पहिल्यांदाच माणसासारखे वाटले, आणि मी त्यांना किती दिवस दगडासारखं वागवलं ते कळलं.

"त्याला सांगायचंय," ते म्हणाले. "मला तोंडानं सांगायचंय. पत्र टाकलंस न्हवं?"

"टाकलं."

"मग कसा आला न्हाई? आज धा-अकरा दिस झालं." आणि मग, "मी न्हाई ऱ्हायलो तर तू सांगायचं. बघितलं हुतं म्हणून सांगायचं. एवढंच सांगायचं, दुसरं कायबी लावायचं न्हाई तुझं."

मी हो म्हणालो. त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हणालो.

मंगळवारी सकाळी मी फळा पुसायला गेलो. दोन दिवस मजकूर तसाच होता, कुणाला पुसवला नव्हता. बाजूच्या चहावाल्यानं मला हाक मारली.

"रविवारी एक म्हातारं आलं होतं हो. एक खांदा खाली, अंगात रेनकोट. स्टँडवरनं चालत आलं. फळा वाचला, परत वाचला. मला म्हणालं, 'हे खरं हाय का?' मी म्हटलं, आमच्या फळ्यावर खोटं कसं असंल? 'मग माती झाली असंल आता,' म्हणालं. मी म्हटलं, सकाळीच झाली असणार, लिहिलंय की. बसलं इथं. चहा घेतला न्हाई. मग परत महाबळेश्वरच्या गाडीत बसलं."

मी तिथंच पायरीवर बसलो. पोस्टकार्ड पोचलं होतं. आठवडाभर त्या माणसानं स्वतःशी भांडण केलं असेल. मग निघाला. उंब्रजची गाडी धरायला साताऱ्यात उतरला, आणि मी त्याला परत पाठवला. चहावाला अजून काहीतरी बोलत होता. मला एवढंच दिसत होतं की अण्णांच्या हातात आता दिवस नाहीत, तास आहेत, आणि ते मीच खर्चून टाकले आहेत.

महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर फोन लावायचा प्रयत्न केला. पावसानं लाइन बंद. ऑफिसला न सांगता बाराच्या एसटीत बसलो. मेढ्याला गाडी थांबली. घाटात दरड आली होती, दुसऱ्या बाजूचा घाटही पावसानं बंद होता. कंडक्टर म्हणाला, "आज न्हाई जात, उद्याचं बगू." मी त्याच्याशी भांडलो, त्याचा हात धरला, ओरडलो. लोक बघायला लागले. त्यानं शांतपणे विचारलं, "कोण वारलंय का?" मी त्याचा हात सोडला. ती रात्र मेढ्याच्या स्टँडवर काढली.

बुधवारी दरडीपर्यंत एक गाडी गेली, पुढं चिखलातून चालत पलीकडं गेलो, तिकडून दुसरी गाडी मिळाली. माझा अधू पाय गुडघ्यापर्यंत रुतत होता. महाबळेश्वरला पोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. तात्यांच्या घराला पावसासाठी गवताचे तट्टे बांधलेले होते, टॅक्सी ताडपत्रीखाली. ते शेगडीजवळ बसले होते.

मी दारातच सांगितलं, "अण्णा जिवंत आहेत."

ते माझ्याकडं बघत राहिले. "तुमी कोण?"

मी सांगितलं. पत्र मीच लिहिलं, आणि फळाही.

"फळा बी तुमीच?"

"हो."

"अक्षर चांगलं हाय तुमचं," तात्या म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग उठले. "मी आंघूळ केली रं त्याच्या नावानं. तीन दिस घरात गोड केलं न्हाई. आता जित्त्याला कसं तोंड दावू?" असं म्हणत म्हणतच ते सदरा चढवत होते. वाकड्या खांद्याचा हात बाहीत घालताना त्यांना त्रास झाला. मी मदतीला गेलो तर त्यांनी मला हातानं लांब केलं.

त्या दिवशी खाली यायला गाडीच नव्हती. गुरुवारी पहिल्या गाडीनं निघालो. दरडीवरून साठीकडं झुकलेला तो माणूस माझ्यापेक्षा भरभर चालला, मी मागं पडलो की थांबायचा. मेढ्याहून साताऱ्याच्या गाडीत ते खिडकीशी बसले आणि आपण होऊन बोलले.

"त्या दिशी फळा वाचला न्हवं, तवा एक झालं. तिथंच उभं ऱ्हाऊन मला वाटलं, न्हाई, त्यानं बघितलं नसणार. बघितलं असतं तर थांबला असता. माझा हाफ हुता त्यो. माझ्या मागं चेंडू गेला की मी कवा वळून बघायचो न्हाई, त्यो हाय म्हायीत असायचं. असला माणूस बघून कसा जाईल? तीस वर्सं मी उगंच धरून बसलो." ते हसले. "आता जाऊन त्याला सांगतो, बाबा, माझीच चूक."

माझ्या तोंडात अण्णांचं वाक्य होतं. बघितलं हुतं म्हणून सांगायचं. मी मनाशी म्हणालो, अण्णा आहेत, तेच सांगतील. मी मध्ये पडायचं कारण नाही. इतका वेळ मी देवाकडं अण्णांचा जीव मागत होतो तो त्यांच्यासाठी मागत होतो. त्या गाडीत तो मी माझ्यासाठी मागायला लागलो.

उंब्रजला उतरलो तेव्हा हमरस्त्यावरून ओल्या धोतरांची, पांढऱ्या टोप्यांची माणसं परत येताना दिसली. त्यांत सोमवारी हाराबद्दल हसणारा म्हातारा होता. त्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली. अण्णा पहाटे गेले होते.

तात्या नदीकाठी गेले. चिता अजून लाल होती, पावसामुळं मधेच धूर करत होती. ते बराच वेळ उभे होते. मग मला विचारलं, "काय म्हणाला का माझ्याबद्दल?"

मी म्हणालो, "तुमची वाट बघत होते."

एवढंच म्हणालो. ज्याच्या हातावर हात ठेवून मी हो म्हणालो होतो, त्या माणसाच्या चितेसमोर. मनात हिशेब असा होता की आज नको. आज हा माणूस चार दिवसांत दुसऱ्यांदा रडतोय, आज नको. तेराव्याला सांगू.

तेराव्याला सांगितलं नाही. वर्षश्राद्धालाही नाही. फळ्यावर लिहायचं मी त्याच आठवड्यात सोडलं. लोकांना वाटलं, चूक झाली म्हणून मनाला लावून घेतलं. त्यांना किती सोपं वाटलं!

पुढच्या वर्षापासून स्पर्धेत अण्णांच्या नावाचा करंडक आला. तात्या दरवर्षी अंतिम सामन्याला येतात, एसटीनं, एकटे. पोरं त्यांना बोलायला लावतात. ते पोरांना ती शर्यत सांगतात. आपण कसे पडलो, अण्णांनी कसं बघितलं नव्हतं, आणि आपण मात्र तीस वर्षं संशय धरून बसलो, म्हणून पोरांनो आपल्या जोडीदारावर कधी संशय धरू नका. पोरं टाळ्या वाजवतात. मी माइकपाशी उभा असतो. दरवर्षी ठरवून जातो की त्यांना बाजूला घेऊन सांगायचं. मग ते स्वतःच्या चुकीबद्दल इतक्या मोकळ्या तोंडानं बोलतात की माझी जीभ उचलत नाही. सांगितलं तर त्यांचा अण्णा दुसऱ्यांदा जाईल. न सांगितलं तर माझ्या अण्णांनी मरताना धरलेला एकच हट्ट मी मातीत घातला. यातलं कुठलं पाप मोठं, ते मला ठरवता येत नाही. रोज ठरवतो आणि रोज मोडतो. कधी वाटतं, ही दया आहे. मग वाटतं, दया कसली, मला त्यांचा तुटलेला चेहरा बघायचा नाही म्हणून मी त्यांना खोट्यात ठेवलंय.

यंदा सामन्यानंतर मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. ते थकले आहेत, जिना चढताना थांबतात. बाकावर बसल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुमी शेवटाला हुता त्याच्यापाशी," ते म्हणाले. "आज पाच वर्सं मी पोरांना सांगतोय. कधी कधी घरी गेल्यावर परत मनात येतं. तुमाला म्हायीत असंल. बघितलं न्हवतं ना त्यानं?"

पाच वर्षं मी गप्प होतो. गप्प राहण्यात अजून एक दार उघडं होतं. कुठल्याही दिवशी त्यातून जाता आलं असतं.

"नव्हतं," मी म्हणालो. "वारा होता म्हणाले."

तात्यांनी मान हलवली, दोनदा, सावकाश. माझं मनगट सोडलं. गाडी लागली तेव्हा मी त्यांना दंडाला धरून चढवलं, खिडकीची जागा दिली आणि खाली उभा राहिलो. ते शांतपणे बसले होते, मागं डोकं टेकून, झोप लागावी तसे. गाडी निघेपर्यंत मला तीन-चार मिनिटं मिळाली होती. काचेवर टकटक केली असती तर त्यांनी काच खाली केली असती.